हाडं ठिसूळ झालेलं मूल: उचलायचं कसं, लक्ष कशावर ठेवायचं, डॉक्टरांकडे काय मागायचं

मूल महिनोन्‌महिने आजारी आहे, स्टेरॉइड चालू आहेत, किंवा चालता येत नाही म्हणून दिवसाचा बराच वेळ पलंगावर नाहीतर व्हीलचेअरवर जातो, अशा घरात हाडांचा विषय सहसा पहिलं फ्रॅक्चर झाल्यावरच निघतो. आधी निघत नाही कारण प्रत्येक डॉक्टर आपापल्या खात्याचं बघत असतो, किडनीवाले किडनी बघतात, फिट्सवाले फिट्स बघतात, रक्ताचे डॉक्टर रक्त बघतात आणि हाडं कोणाच्याच वाट्याला येत नाहीत. मी लहान मुलांची फिजिओथेरपी करते, माझ्याकडे ही मुलं बहुतेकदा प्लॅस्टर निघाल्यावर येतात आणि आईबाबांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "अहो पण तो पडलाच नव्हता हो." नसेलच पडला. या मुलांचं हाड डायपर बदलताना मोडतं, शर्टाची बाही ओढताना मोडतं, आणि मणका दबला, म्हणजे मणक्याचं हाड आत चेपून मोडलं, तर कित्येकदा कोणाला पत्तासुद्धा लागत नाही. म्हणून पहिल्या फ्रॅक्चरची वाट न बघता घरी काय करायचं आणि डॉक्टरांकडे काय मागायचं ते लिहितेय.

आधी बघा तुमचं मूल या गटात बसतं का

धडधाकट मुलांचीही हाडं मोडतात, अठरा वर्षांचं होईपर्यंत साधारण तीनातल्या एका मुलाचं तरी, मुलग्यांमध्ये तर जवळजवळ निम्म्यांचं एखादं हाड मोडलेलं असतं. सायकलवरून पडून मनगट मोडलं याचा अर्थ हाडं ठिसूळ आहेत असा होत नाही. प्रश्न कुठे येतो, तर जिथे आजार किंवा औषध हाडाला आतून पोखरतंय तिथे.

तीन महिने किंवा जास्त काळ तोंडाने स्टेरॉइड घेणारी मुलं यात सगळ्यात वर, मग ते नेफ्रोटिक सिंड्रोमसाठी असो, संधिवातासाठी, ल्यूपससाठी, आतड्यांच्या सुजेसाठी किंवा ड्युशेनसाठी (मुलग्यांमधला, स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार). ल्युकेमियाची (रक्ताच्या कॅन्सरची) मुलं. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्यामुळे हालचाल बिघडलेली), स्पायना बायफिडा (जन्मतः पाठीचा कणा नीट न जुळलेली), एसएमए (स्नायू अशक्त करणारा आनुवंशिक आजार), मणक्याला मार लागलेली, म्हणजे ज्यांच्या पायांवर भारच येत नाही अशी. थॅलेसेमिया, जुना किडनीचा आजार, सिलिअ‍ॅक, सिस्टिक फायब्रोसिस. फिट्सची काही औषधं, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, कार्बामॅझेपिन, ही व्हिटॅमिन डी शरीरातून लवकर संपवतात, व्हॅल्प्रोएटवरच्या मुलांकडेही लक्ष ठेवावं लागतं. (वाचून लगेच फिट्सचं औषध बंद करू नका बरं का, एक जोराची फिट आली तर त्यातच हाड मोडेल आणि बाकीचं होईल ते वेगळंच.) आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते ती म्हणजे वयात येणं लांबलेली मुलं. मोठेपणी आपल्या अंगात जेवढं हाड असतं त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा उंची झपाट्याने वाढते त्या दोन वर्षांत भरला जातो, ती दोन वर्षं आजारपणात गेली की तूट राहते. मुलीला १३ वर्षं पूर्ण होऊनही छातीची वाढ सुरू नाही, किंवा मुलाला १४ पूर्ण होऊनही वयात येण्याची काहीच खूण नाही, तर ते स्वतःहून डॉक्टरांना सांगा, लाजू नका, ते विचारतीलच असं नाही.

बऱ्याच मुलांना यातल्या दोन-तीन गोष्टी एकदमच असतात, व्हीलचेअर आहे, फिट्सचं औषध आहे, नळीने फीड आहे, ऊन दिसत नाही. तिथे धोका वाढत जातो.

स्टेरॉइड आणि मणका

स्टेरॉइड हाड बनवणाऱ्या पेशींना दाबतं, आतड्यातून कॅल्शियम कमी घेऊ देतं आणि स्नायू पण अशक्त करतं, म्हणजे तिन्ही बाजूंनी. आणि पहिला फटका बसतो तो मणक्यांना, कारण मणक्याच्या आतलं हाड जाळीदार असतं आणि ते लवकर झिजतं. हे सगळं वर्षानुवर्षांनी होतं असा एक समज आहे, तो चुकीचा आहे. कॅनडामध्ये स्टेरॉइड घेणाऱ्या मुलांचा एक मोठा अभ्यास झाला, त्यात संधिवातासारखे आजार असलेल्या मुलांचे स्टेरॉइड सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत एक्सरे काढले तर ७ टक्के मुलांचा मणका तेव्हाच दबलेला निघाला. ल्युकेमियाच्या मुलांमध्ये तर निदान झालं त्याच सुमाराला १६ टक्के. आणि त्यातल्या बऱ्याच मुलांची पाठ दुखतही नव्हती.

म्हणून "पाठ दुखत नाही ना, मग ठीक आहे" यावर विसंबू नका. स्टेरॉइड तीन महिन्यांपेक्षा जास्त चालणार असं दिसत असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, पाठीच्या कण्याचा बाजूने काढलेला एक्सरे सुरुवातीलाच काढून ठेवायचा का, आणि पुन्हा कधी काढायचा. पहिल्या वर्षात धोका सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे वर्षभरात एकदा तरी परत बघितला जावा ही मागणी अजिबात अवाजवी नाही. ड्युशेनच्या मुलांसाठी तर स्टेरॉइड चालू असताना दर एक-दोन वर्षांनी हा एक्सरे काढा असं २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येच लिहिलंय.

घरी काय बघायचं. पाठ दुखते म्हणून रात्री उठणं, वाकून बूट घालायला टाळाटाळ, गाडीत खड्ड्यातून जाताना कळवळणं, उभं राहताना पोक आल्यासारखं वाटणं, पाठीतून पोटाकडे येणारी कळ. आणि उंची. उंची दर तीन महिन्यांनी त्याच भिंतीपाशी, अनवाणी, शक्यतो सकाळी मोजून लिहून ठेवा. वाढत्या वयाच्या मुलाची उंची मागच्यापेक्षा कमी भरली तर दोनदा मोजा आणि तरी कमी असेल तर एक्सरेचं बोला. पायात अचानक अशक्तपणा, बधिरपणा, किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला असं काही झालं तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल.

एक बरी गोष्ट पण आहे. लहान मुलांचा दबलेला मणका वाढीच्या जोरावर पुन्हा बराचसा पूर्ववत होऊ शकतो, विशेषतः मूल लहान असेल आणि स्टेरॉइड थांबलं असेल तर. मोठ्यांमध्ये असं होत नाही. पण ज्याची वाढ थोडीच उरलीय किंवा ज्याचं स्टेरॉइड थांबणारच नाहीये त्याला हा फायदा मिळत नाही, म्हणून तिथे लवकर पकडणं जास्त महत्त्वाचं.

डेक्साचा आकडा कसा वाचायचा

डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजणारा स्कॅन. दुखत नाही, रेडिएशन अगदी थोडं असतं, फक्त काही मिनिटं स्थिर पडून राहावं लागतं. मुलांमध्ये तो कंबरेच्या मणक्यांचा आणि डोकं सोडून बाकी अंगाचा काढतात. सेरेब्रल पाल्सीत पाय सरळ होत नाहीत किंवा कंबरेत प्लेट-स्क्रू असतात तेव्हा गुडघ्याच्या वरच्या भागाचा बाजूने काढता येतो, सगळीकडे ती सोय नसते पण विचारायला काय जातंय.

रिपोर्टमध्ये झेड स्कोर बघायचा, म्हणजे त्याच वयाच्या मुलांशी केलेली तुलना. टी स्कोर लिहिला असेल तर तो मुलांना लागूच नाही, तो मोठ्या माणसांसाठी आहे, आणि मी असे रिपोर्ट बघितलेत की ज्यात दहा वर्षांच्या पोराला टी स्कोर लावून 'ऑस्टिओपोरोसिस' छापून दिलंय आणि घरचे गर्भगळीत. दुसरं, मूल वयाच्या मानाने बुटकं असेल तर त्याची हाडं लहान असतात आणि मशीनला ती उगाचच कमी घनतेची वाटतात, म्हणून उंचीप्रमाणे दुरुस्त केलेला झेड स्कोर मागून घ्या.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. नुसत्या डेक्साच्या आकड्यावर मुलांमध्ये ऑस्टिओपोरोसिस म्हणत नाहीत. मोठा अपघात न होता किंवा त्या जागी दुसरा आजार नसताना मणका दबला असेल, तर तेवढ्यावरच निदान होतं, मग झेड स्कोर काहीही असो. मणका ठीक असेल तर झेड स्कोर उणे २ किंवा त्याखाली आणि जोडीला लांब (हातापायांच्या) हाडांची फ्रॅक्चर्स, वयाच्या १० पर्यंत दोन किंवा जास्त, नाहीतर १९ पर्यंत तीन किंवा जास्त. पण आता बरेच तज्ज्ञ म्हणतात की ज्याच्या डोक्यावर धोका बसलाय अशा मुलाचं मांडीचं हाड साध्या हाताळणीत मोडलं तर दुसऱ्या फ्रॅक्चरची वाट कशाला बघायची, आणि मला ते शंभर टक्के पटतं. त्यामुळे कोणी "स्कोर उणे १.८ आहे म्हणजे नॉर्मल" म्हणून फाइल बंद करत असेल तर विचारा, मणक्याचा एक्सरे बघितला का?

उचलणं, कपडे, डायपर

हा भाग नीट वाचा आणि घरात जो जो मुलाला हात लावतो, आजी-आजोबा, मदतनीस, शाळेतल्या मावशी, त्या प्रत्येकाला करून दाखवा, नुसतं सांगू नका.

न चालणाऱ्या मुलांमध्ये सगळ्यात जास्त मोडतं ते मांडीचं हाड, गुडघ्याच्या जरा वर. कारण सोपं आहे, गुडघा आखडलेला, कंबर आखडलेली, आणि मध्ये बारीक झालेलं हाड, तुम्ही पाऊल धरून वळवलं की सगळा पीळ त्या एका जागी येतो. म्हणून पहिला नियम, पाय कधीच घोट्याला किंवा पावलाला धरून हलवायचा नाही. हात सांध्याजवळ, एक गुडघ्याखाली, एक मांडीच्या वरच्या भागाखाली, आणि पूर्ण तळवा टेकवून, बोटांनी चिमटीत पकडून नाही.

डायपर बदलताना दोन्ही घोटे एका हातात धरून ढुंगण वर उचलायची सवय असते ना, ती या मुलांसाठी बंद. मुलाला कुशीवर करायचं. पलीकडचा गुडघा हळू वाकवा, एक हात पलीकडच्या खांद्यामागे, एक हात पलीकडच्या कुल्ल्यामागे, आणि आपल्याकडे अख्खं अंग एकदम वळवा, खांदा पुढे आणि कंबर मागे असं पिळू नका. अर्धा डायपर खाली सरकवा, मग दुसऱ्या कुशीवर. थोडा वेळ जास्त लागतो, लागू दे.

सेरेब्रल पाल्सीत मांड्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, सफाई करायला त्या उघडाव्या लागतात. इथे लोक घाईत गुडघे धरून फाकवतात. तसं करू नका. आधी दोन्ही गुडघे थोडे वाकवून पोटाकडे न्या, तळवे मांडीच्या आतल्या बाजूला गुडघ्याच्या वर ठेवा आणि नुसते थांबा. हात तिथेच, दाब अगदी हलका, अर्धा-एक मिनिट. स्नायूचा ताण आपोआप जरा सुटतो, तो सुटला की तेवढंच उघडा. मूल रडत असेल, थंडी वाजत असेल, तर ताण सुटणार नाही, आधी ते शांत करा. कधीकधी हवं तेवढं उघडतच नाही, मग मागून कुशीवर सफाई करा, पण जोर लावायचा नाही म्हणजे नाही.

कपडे घालताना जो हात जास्त आखडलेला तो आधी, काढताना तो शेवटी. बाही चुण्या करून पूर्ण गोळा करा, तुमचा हात मनगटाच्या बाजूने आत घाला, मुलाची सगळी बोटं अंगठ्यासकट मुठीत घ्या आणि मग बाही त्याच्या हातावरून वर सरकवा. म्हणजे हात बाहीत ओढायचा नाही, बाही हातावर चढवायची. अंगठा कापडात अडकलेला असतो आणि आपण ओढत राहतो, त्यातच दुखापत होते. पुढून उघडणारे, ढगळ, ताणणारे कपडे घ्या, एक आकार मोठेच घ्या.

उचलताना काखेत हात घालून लटकवायचं नाही. एक हात मांड्यांखाली, एक पाठ आणि खांद्यामागे, मूल तुमच्या अंगाला टेकलेलं. आणि उचलायच्या आधी पाय कुठे आहेत ते डोळ्यांनी बघा, अंदाजाने नाही. एका मुलीचं मांडीचं हाड असंच मोडलं होतं, तिला व्हीलचेअरवरून उचललं तेव्हा पाऊल पायफळीच्या पट्ट्यात अडकून राहिलं होतं, उचलणाऱ्याला दिसलंच नाही. पट्टे सोडले का, पायफळी बाजूला केली का, ब्रेक लावला का, हे मोठ्याने बोलून करायची सवय लावा, जरा वेडेपणा वाटतो पण चालतो. दारातून नेताना आपल्या कोपराबाहेर लोंबणारे पाय चौकटीला आपटतात, तिथे आडवं होऊन जा. मूल वजनदार झालं की दोघांनी उचला किंवा झोळीचं होइस्ट, म्हणजे उचलायचं यंत्र, बघा. आपली पाठ गेली तर मुलाला कोण बघणार, हा हिशोब पण करायचा.

व्हीलचेअरचा बेल्ट घरातल्या घरात असला तरी लावायचाच. खुर्चीतून पुढे घसरून गुडघ्यांवर पडणं हे ड्युशेनच्या मुलांमध्ये फ्रॅक्चरचं फार नेहमीचं कारण आहे. पलंगाला कठडा असेल तर त्याच्या गजांमध्ये पाय जाणार नाही असं गादीसारखं काही बांधा. पायाचे स्प्लिंट घालताना गुडघा वाकलेला ठेवा म्हणजे पोटरी सैल राहते आणि टाच आत नीट बसते.

जी मुलं चालतात-फिरतात पण मणका दबलाय त्यांचं वेगळं. त्यांनी पुढे वाकून पिळून जड काही उचलायचं नाही, ट्रॅम्पोलिन नाही, सिट-अप्स नाहीत, कोलांटउड्या नाहीत, जड दप्तर नाही. दुखणं कमी झाल्यावर काय काय सुरू करायचं ते फिजिओ आणि डॉक्टर मिळून ठरवतील.

म्हणून हलवायचंच बंद करू नका

एकदा फ्रॅक्चर झालं की घरचे मुलाला तळहातावरच्या फोडासारखं जपायला लागतात, खाली ठेवत नाहीत, उभं करत नाहीत, स्ट्रेचिंग बंद. भीती समजते मला, पण हाडाला भार मिळाला नाही तर ते अजून झिजतं, आणि सांधे आखडले की डायपर बदलणं अजून अवघड, म्हणजे पुढचं फ्रॅक्चर आपणच जवळ आणतो. जे चालतात त्यांनी रोज चालावं, खेळावं, जमेल तेवढं. जे उभे राहू शकत नाहीत त्यांच्यासाठी स्टँडिंग फ्रेम (आधाराने उभं ठेवणारी चौकट), किती वेळ आणि किती अंशात ते तुमच्या फिजिओकडून ठरवून घ्या, हळूहळू वाढवत न्यायचं. पोहणं स्नायूंना आणि मनाला उत्तम आहे पण पाण्यात हाडावर फारसा भार येत नाही, त्यामुळे हाडांसाठी तेवढ्यावर भागत नाही. नवीन फिजिओकडे गेलात तर पहिल्याच दिवशी सांगा की हाडं ठिसूळ आहेत, कागदावर लिहून द्या, आणि कोणी जोर लावून गुडघा सरळ करायला गेलं तर तिथल्या तिथे थांबवा, वाईट वाटलं तर वाटू दे. आमच्यातही घाई करणारे असतात.

कॅल्शियम, व्हिटॅमिन डी

यावर लोक सगळ्यात जास्त बोलतात आणि माझ्या मते याचा वाटा त्यामानाने मर्यादित आहे. कमी असेल तर भरून काढायलाच हवं, पण स्टेरॉइडने दबलेला मणका नुसत्या कॅल्शियमच्या गोळीने भरून येत नाही. अमेरिकेतल्या शिफारशीप्रमाणे रोजचं कॅल्शियम १ ते ३ वर्षं वयात ७०० मिलिग्रॅम, ४ ते ८ मध्ये १००० आणि ९ ते १८ मध्ये १३००, आणि व्हिटॅमिन डी एक वर्षानंतर रोज ६०० युनिट. २५० मिली दुधात साधारण ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं त्यावरून अंदाज लावा, जेवणातून भागत असेल तर गोळीची गरज नाही. रक्तातलं २५ हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी २० नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या वर राहिलं पाहिजे, काही डॉक्टर आजारी मुलांमध्ये जरा वर ठेवतात. लोहाची गोळी आणि कॅल्शियम एकाच वेळी देऊ नका, मध्ये काही तास जाऊ द्या.

किडनीचा आजार असेल तर मात्र स्वतःच्या मनाने काहीच नाही, तिथे फॉस्फरस, पॅराथायरॉइड, वेगळ्या प्रकारचं व्हिटॅमिन डी असा सगळा वेगळा हिशोब असतो. आणि व्हिटॅमिन डीचे मोठे डोस पुन्हा पुन्हा देत राहणं पण धोक्याचं आहे, कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान आणि लघवी, किडनीत खडे.

बोलू न शकणाऱ्या मुलाचं फ्रॅक्चर ओळखायचं कसं

कालपर्यंत ठीक होतं आणि आज डायपरच्या वेळी किंचाळतंय, एका विशिष्ट हालचालीलाच रडतंय, जेवत नाही, झोपत नाही, फिट्स अचानक वाढल्या, अंग जास्त कडक झालंय, घाम येतोय, एक पाय हलवायचं बंद केलंय. यातलं काहीही दिसलं आणि कारण सापडत नसेल तर कपडे पूर्ण काढून उजेडात दोन्ही पाय आणि दोन्ही हात शेजारी शेजारी बघा. सूज, लाली, गरमपणा. मांडीचा घेर गुडघ्याच्या चार बोटं वर टेपने मोजा, दोन्हीकडचा. स्पायना बायफिडात पायाला संवेदना कमी असते, तिथे पाय लाल, गरम, सुजलेला आणि वर थोडा ताप असं दिसतं आणि ते इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक सुरू होतं, प्रत्यक्षात आत हाड मोडलेलं असतं. तिथे "एक्सरे काढूया का" हे तुम्हीच म्हणा.

एक्सरे काढताना वरचा आणि खालचा सांधा दोन्ही दिसतील असा पूर्ण हाडाचा मागा. पहिला एक्सरे स्वच्छ आला आणि मूल तरी तसंच रडतंय तर दहा-चौदा दिवसांनी परत काढतात, बारीक चीर तेव्हा दिसते.

झालंच तर

पाय आहे त्याच स्थितीत ठेवा, सरळ करायला जाऊ नका, आधीपासून आखडलेला पाय तर अजिबात नाही. दोन्ही बाजूंनी उशा किंवा गुंडाळलेले टॉवेल लावून आधार द्या. बोटं निळी-पांढरी किंवा गार पडली असतील तर धावपळ करा, अँब्युलन्स बोलवा. ऑपरेशन लागू शकतं म्हणून डॉक्टर बघेपर्यंत खायला देऊ नका. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे बहुतेकांना चालतं, पण ल्युकेमियाचा उपचार चालू असेल किंवा लिव्हरचा आजार असेल तर तेही आधी डॉक्टरांना विचारूनच. आयबुप्रोफेन मात्र किडनीच्या आजारात, प्लेटलेट कमी असताना किंवा स्टेरॉइड चालू असताना विचारल्याशिवाय नाही.

आता दोन गोष्टी ज्या इमर्जन्सीमध्ये तुम्हाला ओरडून सांगाव्या लागतील. एक, मूल काही आठवडे किंवा जास्त स्टेरॉइडवर असेल तर त्याच्या शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल (अंगातलं नैसर्गिक स्टेरॉइड) बनवणं कमी केलेलं असतं. फ्रॅक्चर, ऑपरेशन, सारख्या उलट्या, अशा वेळी त्याला जास्तीचा डोस लागतो, नाही मिळाला तर बीपी आणि साखर पडून जीवावर बेतू शकतं. "हा स्टेरॉइडवर आहे, स्ट्रेस डोस लागेल" हे वाक्य पाठ करा, आणि डोस आधीच तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेऊन ठेवा. हाडं ठिसूळ होतायत म्हणून स्टेरॉइड स्वतःहून अचानक बंद करणं हे याच कारणाने भयंकर आहे. कमी करता येईल का हे जरूर विचारा, पण करायचं त्यांनी.

दोन, ड्युशेनचा मुलगा पडला आणि त्यानंतर काही तासांत ते दोन-तीन दिवसांत त्याचा श्वास जलद झाला, दम लागला, छाती धडधडायला लागली, गोंधळल्यासारखा किंवा गुंगीत वाटला, तर हाडातली चरबी रक्तात जाऊन फुफ्फुसात आणि मेंदूत अडकलेली असू शकते. हे फ्रॅक्चर न दिसताही होतं. घाबरलाय म्हणून दम लागलाय असं कोणी म्हणालं तरी ऑक्सिजन मोजून घ्या, आणि फॅट एम्बोलिझम हा शब्द तुम्ही उच्चारा.

प्लॅस्टरबद्दल एवढंच, हाड जुळायला जेवढं लागतं तेवढंच, एक दिवस जास्त नको. प्लॅस्टरमध्ये हाड अजून झिजतं आणि नंतर त्याच पायाचं किंवा शेजारचं हाड मोडतं. हलकं प्लॅस्टर किंवा स्प्लिंट चालेल का आणि उभं कधी करता येईल हे पहिल्या दिवशीच विचारा. ज्याचं चालणं काठावर आहे अशा ड्युशेनच्या मुलाला काही आठवडे झोपवून ठेवलं तर ते चालणं परत येईलच असं नसतं, तिथे ऑपरेशन करून लवकर उभं करण्याचा विचार होतो.

हाडांचं इंजेक्शन

पॅमिड्रोनेट किंवा झोलेड्रोनेट, हे बिस्फॉस्फोनेट गटातलं औषध सलाईनमधून देतात. हाड झिजवणाऱ्या पेशींना ते थोपवतं. हे कोणाला द्यायचं ते मुलांच्या हाडांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांनीच ठरवावं, नुसता डेक्सा कमी आहे म्हणून देत नाहीत, मणका दबला किंवा सहज हाड मोडलं तर देतात. द्यायच्या आधी व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम ठीक आहे ना, किडनी ठीक आहे ना आणि दात दाखवून झाले ना हे बघतात. पहिल्या डोसनंतर एक ते तीन दिवस ताप, अंगदुखी, उलटी हे अगदी नेहमीचं, पुढच्या डोसला एवढं होत नाही. पण स्टेरॉइडवरच्या मुलाला या तापातही जास्तीचा डोस लागू शकतो, तो आधीच विचारून ठेवा. हाताला-ओठांना मुंग्या, बोटं आखडणं म्हणजे कॅल्शियम खाली गेलंय, लगेच फोन करा. पुढे एक्सरेमध्ये हाडाच्या टोकाला पांढऱ्या रेषा दिसतील, प्रत्येक डोसची एक, त्या बघून कोणी घाबरवलं तर घाबरू नका.

फाइल

शेवटी एक कटू पण कामाची गोष्ट. कारण न सांगता येणारं फ्रॅक्चर घेऊन गेलात की डॉक्टर मुलाला कोणी मारलं का हे विचारतात, बऱ्याच देशांत शंका आली तर कळवणं त्यांना कायद्याने बंधनकारक आहे. चिडू नका, आजारी आणि अपंग मुलांना खरंच मारहाण होते म्हणून तो प्रश्न असतो. तुमच्याकडे एक पातळ फाइल तयार ठेवा, आजाराचं नाव, स्टेरॉइड कधीपासून आणि किती, आधीची फ्रॅक्चर्स तारखेसकट, डेक्सा आणि मणक्याचे एक्सरे, स्ट्रेस डोसचा कागद. आणि फ्रॅक्चरच्या दिवशी, हॉस्पिटलला जाताजाताच, मुलाला शेवटचं ठीक कोणी बघितलं, कोणी उचललं, कधी रडायला लागलं हे मोबाइलवर वेळेसकट लिहून घ्या, दोन दिवसांनी प्रत्येकजण वेगळं सांगतो. त्या फाइलची एक प्रत शाळेत आणि एक मदतनीसांकडे, वर मुलाला कसं उचलायचं त्याचे दोन-तीन फोटो चिकटवून.